ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी खोलायचा, तर आधी तेलाचा दाब समजून घ्या

२०२४ च्या अखेरीस जनरल मोटर्सने अमेरिकेत सुमारे ४ लाख ६० हजार डिझेल पिकअप आणि मोठ्या एसयूव्ही परत बोलावल्या. दहा गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला एक व्हॉल्व्ह हळूहळू झिजतो, तिथे तेलाचा दाब पडतो आणि क्वचित चालत्या गाडीची मागची चाकं क्षणभर जाम होऊ शकतात, असं कारण देण्यात आलं. इलाज सॉफ्टवेअरचा होता. व्हॉल्व्हच्या झिजेवर नजर ठेवायची आणि ती हद्दीबाहेर गेली की गाडीला पाचव्या गिअरच्या वर जाऊ द्यायचं नाही.

बोटभर लांबीचा धातूचा तुकडा झिजतो आणि तीन टनांची गाडी अडखळते, हे सहज पटत नाही. आणि त्याच अमेरिकेत असंख्य लोक जुन्या पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरच्या गॅरेजमध्ये उतरवतात, खोलतात, पुन्हा भरतात. तिथे राहणाऱ्या मराठी घरांच्या दारातही जनरल मोटर्सची वीस वर्षांची सिल्व्हराडो किंवा सिएरा पिकअप उभी दिसते. गिअरबॉक्सच्या पूर्ण कामाला दुकानदार दोन हजार डॉलरच्या खाली क्वचित बोलतो, चार हजारांच्या पुढेही जातो. सील, गॅस्केट आणि क्लच प्लेटचा संच मात्र काही शे डॉलरमध्ये मिळतो. साहजिकच प्रश्न येतो, हे आपल्याला जमेल का?

जमतं. ज्यांचं फसतं, त्यांचं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतं. ते जळालेल्या प्लेट बदलतात, पण त्या का जळाल्या हे शोधत नाहीत. हे कारण कुठे दडतं ते कळायला आधी यंत्र कळायला हवं.

क्लचचं पेडल नाही, मग सिग्नलला इंजिन बंद का पडत नाही?

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर बसतो. बाहेरून तो जाड, गोल, वेल्ड करून बंद केलेला डबा दिसतो. आत समोरासमोर पात्यांचे दोन संच असतात आणि डबा तेलाने भरलेला असतो. इंजिनच्या बाजूची पाती तेल फेकतात, ते समोरच्या पात्यांवर आदळतं आणि त्यांना फिरवतं. दोघांमध्ये लोखंडाचा थेट संबंध नाही, म्हणून ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिन चालू राहतं. मधोमध पात्यांचा तिसरा, छोटा संच असतो. परतणाऱ्या तेलाला तो अशी दिशा देतो की गाडी उठताना इंजिनचा जोर जवळजवळ दुप्पट होऊन पुढे जातो. ही कल्पना हर्मन फॉटिंगर या जर्मन अभियंत्याची. १९०५ मध्ये त्याने ती जहाजांसाठी मांडली होती.

तेलातून ताकद पाठवताना थोडी वाया जाते आणि तिची उष्णता होते. ते टाळायला या डब्यात एक लॉक-अप क्लच असतो. हमरस्त्यावर एकसारख्या वेगात तो दोन्ही बाजू घट्ट जोडून टाकतो.

गिअर न सरकवता गिअर कसा पडतो?

आत मधोमध एक गिअर, त्याला सन म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारे छोटे प्लॅनेट गिअर. सगळ्यांच्या बाहेर, आतून दाते असलेली रिंग. तिन्ही कायम एकमेकांत अडकलेले असतात, कुणीही सरकत नाही. यातलं एक धरून ठेवायचं, दुसरं फिरवायचं, तिसऱ्यातून ताकद बाहेर घ्यायची. कोणाला धरलं आणि कोणाला फिरवलं, यावर वेग ठरतो, आणि रिव्हर्सही याच जोडणीतून मिळतो. दोघांना एकत्र बांधलं की सगळा संच एकसंध फिरतो.

धरण्याचं आणि बांधण्याचं काम क्लच करतात. एका ड्रममध्ये आळीपाळीने घर्षणाच्या आणि पोलादाच्या प्लेट रचलेल्या असतात. मागे पिस्टन असतो. पिस्टनमागे तेलाचा दाब आला की प्लेट आवळल्या जातात. काही ठिकाणी प्लेटऐवजी ड्रमभोवती पोलादी पट्टा असतो, त्याला बँड म्हणतात. कोणत्या क्षणी कुठल्या क्लचला तेल पाठवायचं, हे व्हॉल्व्ह बॉडी ठरवते. ॲल्युमिनियमचा हा ठोकळा आतून बारीक वाटांनी भरलेला असतो आणि त्या वाटांत छोटे व्हॉल्व्ह पुढेमागे सरकत असतात. नवीन गाड्यांत त्यांना हलवायचा हुकूम कॉम्प्युटर देतो. तरीही प्लेट आवळतं ते तेलच, आणि तेलाला दाब देतो तो इंजिनवर फिरणारा एक पंप.

इमारतीत खालच्या मजल्यावर नळ गळत असला की वरच्या मजल्यावर धार बारीक येते. वरच्या माणसाने आपला नळ कितीही वेळा बदलला, तरी धार वाढत नाही. क्लचचं तेच होतं. वाटेत कुठेतरी तेल निसटलं की पिस्टनला पुरता दाब मिळत नाही, प्लेट अर्धवट आवळल्या जातात, एकमेकींवर घसरतात, तापतात आणि जळतात.

तेलाचं काम इतकं अवघड का?

या तेलाकडून दोन विरुद्ध अपेक्षा असतात. गिअरच्या दातांना आणि बेअरिंगना ते गुळगुळीत हवं, पण त्याच तेलात भिजलेल्या क्लच प्लेटची पकडही नेमकी हवी. पकड कमी झाली तर प्लेट घसरते, जास्त झाली तर गिअर धक्का देऊन पडतो. ही पकड ठरवायला तेलात खास पदार्थ घालतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत त्यासाठी स्पर्म व्हेलचं तेल वापरलं जायचं. व्हेलच्या शिकारीविरुद्ध कायदे आल्यावर पर्याय शोधावा लागला आणि मधल्या काळात गिअरबॉक्स बिघडण्याच्या तक्रारी वाढल्या. म्हणून गिअरबॉक्स उघडल्यावर "कुठलंही लाल तेल चालतं" असं कुणी म्हणालं, तर ऐकू नका. कंपनीने सांगितलेलंच तेल घाला.

४एल६०-ई: हा नमुना का घ्यायचा?

जनरल मोटर्सने १९८२ मध्ये ७००आर४ नावाचा चार गिअरचा गिअरबॉक्स आणला (पुढे गिअरबॉक्सला नुसता डबा म्हणतो). १९९० मध्ये त्याचं नाव ४एल६० झालं आणि १९९३ च्या आसपास पिकअपमध्ये त्याची कॉम्प्युटरवर चालणारी आवृत्ती आली, ती ४एल६०-ई. नावातला ४ म्हणजे पुढचे चार गिअर, एल म्हणजे गाडीच्या लांबीला धरून बसवलेला, ६० हा ताकदीचा दर्जा आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक. पहिल्या गिअरला इंजिनकडच्या शाफ्टच्या ३.०६ फेऱ्यांना मागच्या शाफ्टची एक फेरी होते. दुसऱ्याला १.६३, तिसऱ्याला १ आणि चौथ्याला ०.७०. लाखो पिकअप, व्हॅन आणि एसयूव्हींत हा बसला. त्यामुळे सुटे भाग आजही मुबलक आहेत आणि याच्या खोडीही सगळ्यांना पाठ झाल्या आहेत. पहिल्यांदा हात घालणाऱ्याला याहून बरा डबा मिळणं कठीण.

खोलण्याआधी गाडी चालवून काय कळतं?

माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच. पाना हातात घ्यायच्या आधी कोणते गिअर गेलेत आणि कोणते शाबूत आहेत, हे कागदावर लिहून काढा.

समजा दुसरा, चौथा आणि रिव्हर्स गेले, पण पहिला आणि तिसरा ठणठणीत आहेत. या डब्यात दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला मागच्या संचाचा सन गिअर धरून ठेवावा लागतो, रिव्हर्सला तोच फिरवावा लागतो. या तिन्ही वेळा ताकद सन शेल नावाच्या एकाच भागातून जाते. भांड्याच्या आकाराचा हा पोलादी पत्रा. त्याच्या मानेजवळचे दाते तुटले की तिन्ही गिअर एकाच वेळी जातात. पहिल्या-तिसऱ्याला त्याची गरजच नाही. तेव्हा डबा न उघडताच दोषी सापडला. बाजारात याची जास्त मजबूत आवृत्ती मिळते, ती घ्या.

दुसरा आणि चौथा गेले, पण रिव्हर्स नीट आहे? मग शेल शाबूत आहे. बँड किंवा त्याला ओढणारा पिस्टन पाहा.

तिसरा आणि चौथा गेले? तर मग तीन-चारचा क्लच जळाला. या डब्याचं सर्वांत नेहमीचं दुखणं हेच. सुरुवातीला दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन उगाच ओरडतं आणि गाडी मात्र तेवढी धावत नाही. मालक महिनोन्‌महिने तसाच चालवतो आणि एक दिवस तिसरा पडतच नाही.

याच्या जोडीला गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचा. पी१८७० आला, तर आत काहीतरी घसरतंय. ४एल६०-ईमध्ये बहुतेक वेळा त्याचं मूळ व्हॉल्व्ह बॉडीत सापडतं. लॉक-अप क्लचचा दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह सतत थरथरत असतो आणि ॲल्युमिनियमचं भोक झिजवून मोठं करतो. मग तेल कडेने निसटतं. उपाय दोन: भोक रीमरने, म्हणजे भोक मापात कापणाऱ्या हत्याराने, नीट करून जाड व्हॉल्व्ह बसवायचा, नाहीतर व्हॉल्व्ह बॉडीच बदलायची.

पॅन काढल्यावर काय बघायचं?

डब्याच्या तळाला तेलाचं तबक असतं, तो पॅन. त्यात एक चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असेल, तर ती रोजची झीज, घाबरायचं कारण नाही. टोकदार चकाकते कण किंवा दाताचा तुकडा मिळाला, तर आत काहीतरी तुटलंय. चुंबकाला न चिकटणारा काळा गाळ तळाला असेल, तर तो क्लचच्या घर्षणाच्या थराचा. तेलाचा रंग तपकिरी झालाय का ते पाहा आणि वास घ्या. जळालेल्या क्लचचा वास एकदा नाकात बसला की पुन्हा ओळखावा लागत नाही.

"जुन्या डब्यात नवीन तेल घातलं की तो मरतो" ही समजूत सर्रास ऐकू येते. तेल बदलतात तेव्हा डबा बहुतेक आधीच घसरत असतो, म्हणून तर मालकाला तेल आठवतं. त्यामुळे दोष तेलावर जातो.

प्लेट जळाल्या, पण का?

तीन-चारच्या क्लचपर्यंत जाणारं तेल वाटेत अनेक जागी निसटू शकतं. पिस्टनच्या सीलची कड, इनपुट शाफ्टवरच्या टेफ्लॉनच्या रिंगा, झिजलेला पंप, दाब वाढवणारा छोटा व्हॉल्व्ह. पण एक जागा अशी आहे, जी नवशिक्याला हमखास दिसत नाही. केसच्या, म्हणजे डब्याच्या बाहेरच्या कवचाच्या, भिंतीत एका वाटेत ठोकून बसवलेली एक चिमुकली कॅप्सूल असते, तिच्यात एक गोळी. तिसरा गिअर पडताना गोळीने वाट बंद करायची असते. वर्षानुवर्षं आपटून गोळीची बैठक झिजते आणि तिथून दाब गळतो.

सगळ्या प्लेट नव्या घातल्या, सगळी सील बदलली आणि ही कॅप्सूल तशीच ठेवली, तर तीन-चारचा क्लच पुन्हा जळणार. तपासणं सोपं आहे. केस रिकामी असताना त्या वाटेत पातळ सॉल्व्हंट ओतायचं आणि आतल्या बाजूला ठिबकतं का ते बघायचं. ठिबकलं तर जुनी काढून नवी ठोकायची. ती अगदी थोडक्या डॉलरांत येते. अख्ख्या डब्याचं नशीब इतक्या छोट्या वस्तूवर अवलंबून असतं, म्हणूनच मी लोकांना सांगत असतो की सुट्ट्या भागांचा संच मागवण्याआधी तेलाच्या वाटांचा नकाशा समोर घेऊन बसा.

टेबलावर

सगळ्यांत आधी जीव. हा डबा कन्व्हर्टर सोडूनही साधारण ७० किलोचा आहे. गाडी मजबूत जॅक स्टँडवर, सपाट काँक्रीटवर. विटा नाहीत, सिमेंटचे पोकळ ठोकळे नाहीत, नुसता हायड्रॉलिक जॅक नाही. डबा उतरवायला खास ट्रान्समिशन जॅक भाड्याने मिळतो, तो घ्याच.

खोलण्याआधी बाहेरची माती धुऊन टाका. आत गेलेला वाळूचा एक कण व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. निघालेला प्रत्येक भाग पांढऱ्या कागदावर निघाला त्याच क्रमाने आणि त्याच बाजूने ठेवा, फोटो काढत राहा. चपटी बेअरिंग उलटी बसली तरी डबा बंद होतो आणि तिथेच घोळ होतो. व्हॉल्व्ह बॉडी खाली घेताना वाटांमधल्या छोट्या गोळ्या पडतात. कुठली गोळी कुठे होती, हे मॅन्युअलमध्ये दाखवलेलं असतं, आठवणीवर जाऊ नका. पुसायला सुती चिंधी नको, तिचे धागे निघतात.

नव्या घर्षणाच्या प्लेट बसवण्याआधी तेलात चांगल्या भिजू द्या. पिस्टन ड्रममध्ये घालताना सीलची ओठासारखी पातळ कड दुमडते किंवा चिरते. तेल लावून, पातळ प्लास्टिकची पट्टी गोल फिरवत ती आत घ्यायची, घाई केली तर ती चीर दिसत नाही आणि गाडी रस्त्यावर आल्यावरच कळते. टेफ्लॉनच्या रिंगा ताणून चढवल्यावर मूळ मापाला बसवाव्या लागतात, नाहीतर ड्रममध्ये जाताना कापल्या जातात. भाग जागेवर चिकटवून ठेवायला पेट्रोलियम जेली वापरा, ती गरम तेलात विरघळते. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस विरघळत नाही आणि बारीक भोकं बुजवतं.

मग मोजमाप. प्लेटच्या थरात किती फट राहिली, ते फीलर गेजने पाहायचं आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी जुळवायचं. फट जास्त असली तर वेगवेगळ्या जाडीच्या प्लेट मिळतात. शेवटी रबरी टोकाच्या नळीने कमी दाबाची हवा क्लचच्या भोकात सोडायची. पिस्टन "ठप्प" करून आवळला आणि हवा धरून राहिला, तर सील नीट बसलंय. सूंऽऽ असा आवाज येत राहिला, तर पुन्हा उघडा. ही चाचणी टाळून केस बंद करणारा माणूस अंदाजावर काम करतोय.

जुना कन्व्हर्टर परत घालू नका. तो वेल्ड केलेला असल्यामुळे आतला गाळ धुता येत नाही आणि सुरू केल्यावर तोच गाळ नव्या क्लचमध्ये जातो. रेडिएटरमधला तेलाचा कूलर आणि त्याच्या नळ्याही धुऊन काढा.

कन्व्हर्टर बसवताना तो हलके फिरवत आत ढकलायचा. तीन वेगवेगळ्या जागी तो अडकून पुढे सरकल्याचं हाताला जाणवतं. डब्याचं तोंड इंजिनला हाताने टेकलं पाहिजे आणि तरीही आतला कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. तोंड टेकत नसेल आणि तुम्ही बोल्ट आवळून ते ओढून घेतलं, तर पंप तिथल्या तिथे फुटतो.

जंकयार्डमधला जुना डबा आणून बसवला तर?

कमी पैशात गाडी चालती होते, हे खरं. पण तिथून आलेल्या डब्यालाही तीच झिजणारी भोकं आणि तीच कॅप्सूल असते, आणि तो किती मैल चालला हे सांगणारं कुणी नसतं. वेळ अजिबात नसेल, तर कारखान्यात पुन्हा बांधलेला, वॉरंटीसह मिळणारा डबा बरा. घरी बांधण्यात पैसे वाचतात, पण शनिवार-रविवारात उरकायचं हे काम नाही. रोज कामाला जायला दुसरी गाडी नसेल, तर मी या वाटेला जायला सांगणार नाही.

वॉरंटी जाईल का?

एवढ्या जुन्या गाडीला वॉरंटी उरलेलीच नसते. पण नव्या गाड्यांबद्दल विचारणाऱ्यांसाठी सांगतो. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. तुम्ही स्वतः किंवा बाहेरच्या दुकानात काम करून घेतलं, एवढ्याच कारणावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. मात्र तुमच्याच कामामुळे बिघाड झाला असेल, तर तो खर्च तुमचा.

आठ-दहा गिअरचे नवे डबेही घरी होतील?

लोखंडाचं काम होईल, पण तेवढ्याने भागत नाही. व्हॉल्व्ह बॉडी किंवा सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह) बदलल्यावर कॉम्प्युटरला त्यांची मापं नव्याने शिकवावी लागतात आणि त्याची उपकरणं व सॉफ्टवेअर सहज हाती येत नाहीत. दुरुस्तीच्या हक्कावरून अमेरिकेत जो वाद चालू आहे, त्याचा एक मुद्दा हाच आहे. मॅसॅच्युसेट्सने २०१२ मध्ये गाड्यांसाठी असा कायदा केला आणि २०२० मध्ये मतदारांनी तो वाढवून वायरलेस माहितीपर्यंत नेला. माझी बाजू स्पष्ट आहे: ज्याने गाडीचे पैसे मोजले, त्याला तिचं निदान करण्याची माहिती मिळायलाच हवी.

भारतातल्या वाचकांनी आपल्या गाडीत काय आहे ते आधी पाहावं. छोट्या गाड्यांमधला एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. वर सांगितलेलं त्याला लागू नाही. फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ-एनचा ऑटोमॅटिक मात्र टॉर्क कन्व्हर्टरचाच.

पहिल्यांदा चालू करताना

आधी थोडं तेल घाला, इंजिन सुरू करा आणि लगेच उरलेलं घालत राहा, कारण कन्व्हर्टर रिकामा असतो आणि तेल झपाट्याने आत ओढतो. कन्व्हर्टरसह पूर्ण कोरड्या ४एल६०-ईला साधारण दहा-अकरा लिटर लागतं. ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबा. तेल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये तेल मोजायची पट्टी पाहा. थंड असताना पाहिलेली पातळी धरू नका.

मग रिकाम्या रस्त्यावर, हलक्या पायाने. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन ओरडलं तर तिथेच गाडी थांबवा आणि ओढत घरी आणा. आणखी एक फेरी मारून पाहू म्हणालात तर नव्या प्लेट जातील. केसवर दाब मोजायला एक प्लग असतो, तो काढून तिथे गेज लावा. दाब ठरवणाऱ्या सोलेनॉइडचा प्लग काढला की डबा पूर्ण दाब देतो. तेव्हाही काटा वर चढला नाही, तर पंप आणि दाबाचा मुख्य व्हॉल्व्ह तपासायचा. काटा नीट चढला आणि तरी तिसरा घसरला, तर तीन-चारच्या वाटेतच गळती आहे, आणि डबा पुन्हा उतरवताना कुठे बघायचं हे आता माहीत आहे.